मटारच्या सालांचं केळवण

जगात फेकून देण्यासारखं काहीही नसतं, अशी मनापासून खात्री असलेला एकच माणूस मी आजवर पाहिला, आणि तो नेमका माझा साडू निघाला. साडू, म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. मित्र आपण निवडतो, शेजारी निदान बदलता येतो, साडू मात्र अंतरपाट बाजूला झाला की समोर उभाच असतो. आमचे साडू राहतात मुलुंड पूर्वेला आणि आम्ही घाटकोपरला. मधलं अंतर इतकं कमी की त्यांच्या डब्यातली आमटी आमच्याकडे पोचेपर्यंत निवतसुद्धा नाही. आणि डब्यात आमटीच असेल याची खात्री कुणी द्यावी? आमच्या कित्येक रविवारच्या संध्याकाळी त्या डब्याने नासवल्या आहेत, आणि हे मी अत्यंत प्रेमाने सांगतो आहे.

आता तुम्ही म्हणाल, माणूस कंजूष असणार. तसं म्हणालात तर गाठ माझ्याशी आहे! कुणाच्या आजारपणात, कुणाच्या मुलाच्या फीला त्यांच्याइतका सढळ हात आमच्या दोन्ही घरांत कुणाचा नाही. एका औषध कंपनीच्या पॅकिंग खात्यात त्यांनी नोकरी केली, निवृत्त झाले, पेन्शनीत व्यवस्थित भागतं. प्रश्न पैशाचा नाहीच. "अपमानाचा प्रश्न आहे रे साडू," ते मला म्हणतात. "त्या फ्लॉवरने एवढा जाडजूड दांडा वाढवला, तो काय देवनारच्या कचऱ्यात पाठवायला? दोडक्याच्या शिरांची चटणी बोटं चाटून खाता ना सगळे? मग या दांड्याने तुमचं काय घोडं मारलंय?" यावर आपण उत्तर शोधेपर्यंत तो दांडा डाळीच्या पिठात बुडून कढईत गेलेला असतो.

बाजाराला जायची त्यांची वेळ म्हणजे भाजीवाले गोणपाट झटकायला लागतात ती. "सकाळी भाजीवाला राजा, दिवेलागणीला आपण," हे त्यांचं बाजाराचं शास्त्र. घरून काय करायचं ते ठरवून बाजारात जाणं ही त्यांच्या मते उधळपट्टीची पहिली पायरी. कोथिंबीर पाहिजे म्हणून कोथिंबीर आणणारा माणूस त्यांना बिनडोक वाटतो. ते जातात, खांद्याला जुन्या पँटचे पाय शिवून केलेली पिशवी असते, आणि भाव वगैरे न विचारता एकच प्रश्न टाकतात, "काय उरलंय?" मग कोबीची बाहेरची पानं, मुळ्याचा पाला, मोडक्या शेवग्याच्या शेंगा, पिकून ओघळायला आलेले टोमॅटो असं सगळं पिशवीत येतं, आणि घरी येता येता त्यांच्या डोक्यात पदार्थ शिजायला लागतो. मुलुंड स्टेशनजवळच्या एका भाजीवाल्याला बरेच दिवस वाटत होतं की काकांनी जनावर पाळलंय. मी बरोबर असताना एकदा त्याने विचारलंच, "काका, बकरी कितनी है आपके पास?" साडूंनी शांतपणे माझ्याकडे बोट दाखवलं. "एक ही है. घाटकोपर में रहता है." भाजीवाल्याने माझ्याकडे पाहून अदबीने जुडीभर पाला जास्त घातला.

असा हा माणूस आयुष्यात एकदाच घसरला. मॉलमध्ये. एरवी तिथल्या 'दोनावर एक फुकट'पुढे उभं राहून अनोळखी बायकांना "ताई, पाकिटाचं वजन बघा आधी, वजन!" असं सावध करण्यात ते धन्यता मानतात, रखवालदार त्यांना पाहिलं की उसासा टाकतो. पण एकदा मुदत संपत आलेल्या ओट्सवर असली काही सवलत लागली की साडूंचा तोल गेला. रिक्षा भरून ओट्स आले. आमच्या घराण्यात त्या वर्षाला अजून ओट्सचं वर्ष म्हणतात. ओट्सचं थालीपीठ झालं, ओट्सची भाकरी झाली, सोलकढीला दाटपणा यावा म्हणून ओट्स वाटून घातले. गणपतीत मोदकांच्या उकडीत ओट्स होते. माझी मेहुणी, म्हणजे त्यांची बायको, एरवी देवमाणूस. त्या दिवशी मात्र तिने बाप्पापुढे हात जोडून मोठ्याने माफी मागितली. साडू म्हणाले, "बाप्पाने काय तक्रार केली काय? मग तू कशाला वकिली करतेस?"

पण खरा त्रास ताटावर बसल्यावर. त्यांच्याकडे पदार्थाचं नाव सांगून वाढायची पद्धतच नाही. वाटी पुढे येते, साडू पदराला हात पुसणाऱ्या सासुरवाशिणीच्या उत्सुकतेने समोर उभे राहतात आणि म्हणतात, "ओळख!" ओळखल्याशिवाय दुसरी पोळी नाही. तुम्ही म्हणता दुधी, ती निघते कलिंगडाच्या सालाची पांढरी बाजू. तुम्ही म्हणता सुरण, ते निघतं केळ्याचं साल. शिळ्या पावाचा त्यांनी केलेला शिरा मी बदामाचा म्हणून खाल्ला आणि वर तोंडभर स्तुती केली, ती ते आजतागायत चारचौघांत सांगतात. आणि आवडलं नाही म्हणायची सोय नाही. "गप रव," ते मालवणीवर येतात, "तुका चव कसली कळता! आधी खावन बघ."

या माणसाला खोटं ठरवण्याचा अधिकार जगात फक्त एकीला होता. माझ्या मुलीला. मनूला.

साडूंना मूलबाळ नाही. हे वाक्य ते एवढ्यावरच सोडतात, मीही सोडतो. मनू लहानपणी प्रत्येक सुट्टीत मुलुंडला राहायला असायची, आणि तिथेच या काकाच्या हाताखाली तिची जीभ तयार झाली. इतर पोरं चॉकलेटं ओळखत असतील, आमची पोरगी डोळे मिटून मुळ्याचा पाला आणि सलगमचा पाला वेगळा सांगायची. पदार्थांची बारशीही तीच करायची. कोबीच्या दांड्याच्या भज्यांना तिने 'मुलुंड मंचुरियन' म्हटलं आणि ते नाव सोसायटीभर झालं. तिला आवडलं की काका दोन दिवस मिशीत हसत. पण एखाद्या दिवशी ती घास गिळून सरळ म्हणायची, "काका, वाट लागली रे. फेकून दे." आणि तुम्हाला सांगतो, तो माणूस, जो कोथिंबिरीची मुळंसुद्धा धुऊन ठेवतो, तो निमूटपणे उठायचा, भांडं रिकामं करायचा आणि तो पदार्थ पुन्हा जन्मात करायचा नाही. पुढे मनू अंधेरीला नोकरीला लागली, रात्री थकून यायची, तरी रविवारचा डबा आला की डोळे मिटून बसायची. काका समोर खुर्चीच्या टोकावर. आम्ही दोघं आपली भिंतीला टेकून बघत राहायचो. त्या वेळेला आमची त्या दोघांना काडीची गरज नसायची.

तर मनूचं लग्न ठरलं. पार्ल्याला. आता पार्ल्याची माणसं म्हटल्यावर आमच्या घरात सगळे एकदम हळू बोलायला लागले. मुलगा झकास आहे, साधा आहे, पण त्याच्या आई म्हणजे कडक इस्त्रीची सुती साडी आणि तेवढंच कडक मराठी. पहिल्या भेटीत त्यांनी आमच्या चहाला "ठीक आहे" म्हटलं तेव्हा माझ्या बायकोला रात्रभर झोप नाही. साडूंना त्यातलं काही नव्हतं. त्यांनी जाहीर करून टाकलं की मनूचं पहिलं केळवण मुलुंडला, सासरच्या मंडळींसकट, आणि स्वयंपाक ते करणार. बेतही ठरला होता. मनूने लहानपणापासून पास केलेला एकेक पदार्थ, सगळा एका ताटात. "शेवटचं ताट आहे रे," ते मला म्हणाले आणि लगेच पिशवीची शिवण तपासायला लागले. आमच्या घरातून मुलगी जाणार होती. त्यांची मुलगी तर जाणार होतीच, वर त्यांचं स्वयंपाकघरही मुकं होणार होतं. त्या ताटासाठी हा माणूस महिनाभर बाजारात फिरत होता.

आणि मग मेहुणी आडवी आली. आयुष्यभर तिने सगळं सोसलं, पण पार्ल्याच्या विहीणबाईंच्या ताटात केळ्याचं साल? "हे केळवण आहे, तुमची प्रयोगशाळा नाही," ती म्हणाली. "पोरीला उद्या त्या घरात नांदायचंय. ताटात जे पडेल त्याचं नाव सांगून वाढता आलं पाहिजे. एकही साल ताटात दिसलं तर मी जेवायला बसणार नाही." मला वाटलं आता रणकंदन होणार. साडू एवढंच म्हणाले, "बरं." बस्स. साडू 'बरं' म्हणाले! मी तीस दिवस उपाशी राहीन असं म्हणालो असतो तरी घरात कुणाला एवढा धक्का बसला नसता.

केळवणाच्या दिवशी ते सकाळी बाजारात गेले. सकाळी! मी सोबत होतो म्हणून सांगतो, त्यांनी ताजे मटार घेतले, टवटवीत फ्लॉवर घेतला, काकड्या, बटाटे, मसालेभाताला कोवळी तोंडली, सगळं भाव न करता. तो बकरीवाला भाजीवाला घाबरला. पैसे घेताना हळूच मला विचारतो, "घर में कोई बीमार है क्या?"

दुपारी मंडळी आली. रांगोळ्या होत्या, उदबत्त्या होत्या, पाटाला पाट लावले होते. मसालेभात, मटार-फ्लॉवरचा रस्सा, बटाट्याची भाजी, काकडीची कोशिंबीर, पुऱ्या, श्रीखंड. सगळं उत्तम झालं होतं, खोटं कशाला बोलू? कुठल्याही हॉलमध्ये मिळतं तितकं उत्तम. साडू वाढत होते आणि नावं सांगत होते. "हा मसालेभात. ही बटाट्याची भाजी. ही पुरी." पुरीला कुणी पुरी म्हणून सांगतं का हो? पण ते सांगत होते, आणि आवाज अगदी खाली गेला होता. विहीणबाई नीटनेटक्या जेवत होत्या. "छान आहे," म्हणाल्या. मेहुणीचा चेहरा उजळला. माझ्या घशाखाली मात्र तो छान भात उतरेना. ओट्सचा मोदकसुद्धा मी इतक्या कष्टाने गिळला नव्हता. आणि मनू ताटात बोटं फिरवत काकाकडे बघत बसली होती.

"काका," ती शेवटी म्हणाली, "आज ओळख नाही?"

"आज कशाला?" साडू भाताचं पातेलं सांभाळत म्हणाले. "आज सगळं माहितीतलंच आहे."

मनू उठली. नवरीमुलीने पाटावरून असं मध्येच उठू नये म्हणतात, मेहुणी "अगं, अगं" करेपर्यंत ती स्वयंपाकघरात गेलीसुद्धा. आतून झाकण्या उचलल्याचे आवाज आले. आणि ती बाहेर आली ती एक काळी लोखंडी कढई फडक्यात धरून. शेगडीच्या मागे, ताट उपडं घालून झाकून ठेवलेली. काय होणार होतं दुसरं? एवढा ताजा बाजार झाला, मटार सोलले गेले, बटाटे सोलले गेले, फ्लॉवरचे दांडे निघाले, आणि या माणसाच्या हातून ते कचऱ्यात जाईल? बायकोला दिलेला शब्द त्यांनी पाळला होता, ताटात एकही साल नव्हतं. केळवणाचं सगळं ताट त्यांनी दुसऱ्यांदा, चोरून, त्या कढईत शिजवलं होतं, रात्री नवराबायकोला खायला.

मनूने आधी नवऱ्यामुलाच्या ताटात डाव रिता केला. "ओळख!" ती म्हणाली. मग काय झालं कुणास ठाऊक, तोच डाव घेऊन ती सासूबाईंसमोर जाऊन बसली. "आई, तुम्हीपण ओळखा ना."

मेहुणीने कपाळावर हात मारला. माझी बायको देवाचं नाव घ्यायला लागली. नवरामुलगा, बिचारा, चावत चावत म्हणाला, "कैरी? नाही? मग... पनीर?" साडू अजून पातेलं धरून भिंतीशी उभे होते, आणि त्यांचा चेहरा मला बघवेना. ज्या ताटाची त्यांनी महिनाभर वाट पाहिली, त्याच्यावर आता काय शेरा येणार आणि मनूला त्यापायी काय ऐकावं लागणार, या भीतीने मुलुंडचा तो वाघ पार गारठला होता.

विहीणबाईंनी घास घेतला. सावकाश चावला. दुसरा घेतला. आणि म्हणाल्या, "मटारची सालं. आतला पापुद्रा काढलाय. निगुतीने काढलाय." मग थोडं थांबून, "माझ्या सासूबाई काढायच्या. पातळ, ओल्या खोबऱ्यात करायच्या त्या. पण आमच्याकडे ही भाजी स्वयंपाकघराच्या दाराबाहेर कधी आली नाही. पाहुणे यायचे म्हटलं की आधी ती झाकून ठेवायची, मग बैठकीत पाणी न्यायचं." त्यांनी साडूंकडे पाहिलं. "तुम्ही लोकांना ओळखायला कसे काय लावता? लाज नाही वाटत?"

लाज हा शब्द ऐकून मला वाटलं, आला तो शेरा. पण त्यांना खरंच उत्तर पाहिजे होतं. साडूंनी पातेलं खाली ठेवलं.

"आमची गिरणीच्या चाळीतली खोली होती," ते म्हणाले. "वडिलांची गिरणी बंद पडली तेव्हा घरात काही नसायचं. आई काय मिळेल ते शिजवायची. आणि वाढताना म्हणायची, ओळखा बघू. आम्ही भावंडं ओळखण्यावरून इतके भांडायचो की ताटात कमी आहे हे कुणाच्या लक्षातच यायचं नाही. मला लाज वाटायची वेळच नाही आली कधी."

इतक्या वर्षांत हे त्यांनी मला सांगितलं नव्हतं. मेहुणीलाही नव्हतं, हे तिच्या तोंडावरून दिसलं. विहीणबाईंनी ताट पुढे केलं. "दांडेपण आहेत यात," त्या म्हणाल्या, "आणि तिसरं काहीतरी आहे. थांबा, सांगू नका." आणि पार्ल्याची ती कडक बाई पुढचा अर्धा तास आमच्या साडूंशी तीळ आधी भाजला की मागून घातला यावर वाद घालत बसली. श्रीखंड उरलं. कढई तळाला गेली. मेहुणी जेवायला बसली तेव्हा तिने तळाशी उरलेलं तेच सगळ्यात आधी पुसून वाढून घेतलं.

मनू आता पार्ल्याला आहे. सुखात आहे. साडू अजून दर रविवारी डबा घेऊन घाटकोपरला येतात. ओळखायचं काम आता माझ्याकडे आलंय आणि मी ते अतिशय वाईट करतो. मी तोंडली म्हटलं की ते मान हलवतात, मी गवार म्हटलं की ते खिडकीबाहेर बघतात. पूर्वी मला शिव्या घालायचे, आता तेही नाही. "असू दे रे," म्हणतात. त्यांचं हे "असू दे" मला ओट्सच्या मोदकापेक्षा जड जातं. वाटतं, ओरडा की भाऊ! म्हणा, तुका चव कसली कळता!

परवाच्या रविवारी ते बसले होते, आणि दारात मनू. न कळवता आली होती, ऐन उन्हाळ्यात घामाघूम, आणि खांद्याला नवऱ्याच्या जुन्या जीन्सचे पाय शिवून केलेली पिशवी. आत डबा होता. तिने तो काकासमोर ठेवला, वाटीत काढला आणि हाताची घडी घालून समोर बसली.

"काका, ओळख."

या माणसाला आयुष्यात आईनंतर असं कुणी विचारलं नव्हतं. त्यांनी डोळे मिटले. घास घेतला. ते कलिंगडाचं साल होतं हो! मला कळलं, मला! त्यांचा स्वतःचा पदार्थ, त्यांच्याच पद्धतीचा, वर लिंबू जरा जास्त पडलेलं. जिन्यातून वासावर सांगितलं असतं त्यांनी.

"दुधी," साडू म्हणाले.

"नाही."

"मग पपई असणार. कच्ची."

"नाही रे काका. नीट खा."

मी तोंड उघडणार होतो, पण बायकोने माझा हात दाबला. मनू निघायच्या घाईत आली होती, पाणीसुद्धा उभ्यानेच प्यायली होती. ओळखलं की डबा धुणार, पिशवीत घालणार आणि जाणार, हे साडूंना माझ्या आधी कळलं होतं. ते आणखी एक घास घेत होते, अगदी लहान, आणि डोळे उघडत नव्हते. "कोहळा?" ते म्हणाले. "भोपळ्याचं साल? थांब हं, सांगू नकोस. जिभेवर आहे माझ्या."

मनूने पिशवी खांद्यावरून काढून खाली ठेवली आणि मांडी घातली. तिलाही कळलं होतं. बायको हळूच उठली आणि चहाचं आधण ठेवायला आत गेली.